न कापलेल्या पानांतला हत्ती

अण्णा, तुम्ही शिवलेलं ते हत्तीचं पुस्तक अजून आहे. आधी हेच सांगते, कारण तुम्ही असतात तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, जपलंस का म्हणून. जपलं. लग्नात सासरी नेलं, घरं बदलली तिथं तिथं नेलं, आता लेकीकडे कर्वेनगरला असते तर इथंही आणलं. चपट्या स्टीलच्या डब्यात, आईच्या जुन्या सुती पातळात गुंडाळून, वरती कडुनिंबाचा पाला. पाला दरवर्षी बदलते. माझं अक्षर चौथीत थांबलं ते तिथंच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं की घराला रंग काढला. कपाटं रिकामी करताना डबा नातीच्या हाताला लागला. तुमची पणती ती. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाशी तरी इंग्रजीत भांडत असते. तिनं पातळ सोडलं आणि किंचाळलीच. "आजी, हे व्हिंटेज कॉमिक आहे! लोक वेडे आहेत याच्यासाठी!" म्हटलं, "असू देत वेडे, तू हळू धर." मग म्हणे, "आणि पानं अशी चिकटलेली का?" तेव्हा तिला बसवून सांगावं लागलं की चिकटलेली नाहीत, कापायची राहिलीत. छापखान्यात मोठा कागद छापतात, त्याला घडीवर घडी घालतात, शिवतात आणि मग मशीनवर कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात. आपल्या पुस्तकाच्या कडा कापल्याच नाहीत. म्हणून काही पानं वरून जोडलेली, तर काही वरून आणि बाजूनंही, नुसती खालून उघडी, उशीच्या अभ्र्यासारखी. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचा जन्म त्या मशीनपाशी गेला. पण लिहिते. लिहायला बरं वाटतंय.

का राहिली कापायची, तेही तिला सांगितलं. सांगता सांगता मला ती नारायण पेठेतली खोलीच दिसायला लागली. आई भाकरी थापतेय. तुम्ही कामावरून आलाय, नखांत शाई. दादा कोपऱ्यात पाटी घेऊन बसलाय. आणि मी, तुमच्या छापखान्यात दर महिन्याला हत्तीचं एक पुस्तक छापायचे, त्यातलं आधीच्या महिन्याचं घेऊन तुमच्यापुढे उभी. "अण्णा, या चित्रात हत्तीचा तोडा डाव्या पायात आहे आणि पुढच्या चित्रात उजव्या. मधे कुणी बदलला?" मी नीट बघितलं होतं हो. सोंड कुठंही असो, हत्तीचा स्वतःचा डावा पाय कुठला ते बघितलं होतं. तुम्ही कसले चिडलात. "चौथीत नापास झालेली पोरगी, चित्रकारसाहेबांच्या चुका काढते! मोठ्यांच्या चुका काढायच्या नसतात." पुस्तक हातातून काढून घेतलंत. आईनं गुपचूप गुळाचा खडा दिला, तो मी रागानं दादाला दिला. त्यानं लगेच तोंडात टाकला.

पुढच्या महिन्यात, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही नव्या पुस्तकाचा घडी घातलेला कागद घेऊन आलात. आईची सुई मागितलीत, पांढरा दोरा मागितलात, आणि कंदिलाजवळ बसून स्वतः पुस्तक शिवलंत. मी अजून फुगलेलीच. तुम्ही म्हणालात, "चित्रकारसाहेब रंग बघायला आले होते. सुटा कागद टेबलावर होता, त्यावरच सही घेतलीय तुझ्यासाठी. घडीत आत गेलीय. उद्या मशीनची पूजा, दसरा झाला की नीट कापून देतो. विळीला हात लावशील तर बघ." दसरा झाला आणि तुम्हाला ताप आला. दिवाळीला तुम्ही नव्हतात.

दादा तेव्हापासून एकच म्हणत आलाय. सही बिही काही नाही. मशीनवरच्या माणसाला साहेबांपुढे तोंड तरी उघडता येतं का? तू रडलीस म्हणून अण्णांनीच निळी रेघ ओढली असेल. पुस्तकाला खालून डोळा लावला की हत्तीचं एक पाऊल दिसायचं आणि निळ्या शाईचं नुसतं शेपूट. तेवढ्यावरून काय भांडणार? म्हणून नात जेव्हा म्हणाली की सदाशिव पेठेत जुन्या पुस्तकांचे एक जाणकार आहेत, दाखवून किंमत काढू, तेव्हा मी लगेच पातळ नेसले. किंमत हा तिचा प्रश्न. माझा एवढाच, की तुम्ही मला खरं सांगितलं होतं का समजूत घातली होती.

दादाला फोनवर कळलं तर तोही वारज्याहून रिक्षा करून दारात हजर. म्हणे, मला बघायचंय.

जाणकार पन्नाशीचे. हात साबणानं धुतले, कोरडे केले, मग पुस्तकाला हात लावला. भिंग घेऊन शिवण बघितली. "ही कुणी शिवली?" म्हटलं, "वडिलांनी, आईच्या सुईनं." "बरं केलं. पिन मारली असती तर गंजून कागद खाल्ला असता." मला असं बरं वाटलं, जणू तुमचंच कौतुक केलं. कोपरे बघितले, पाठ बघितली, ऊन लागलेलं नाही म्हणाले. मग मुखपृष्ठावर बोट थांबलं. "हा डाग कसला?" "कुंकू आहे. दसऱ्याला सरस्वतीपुढे ठेवलं होतं." "सरस्वती प्रसन्न झाली असेल आजी, गिऱ्हाईक होणार नाही."

पण पानं बघितली आणि त्यांचा आवाज बदलला. न कापलेलं असं एकही त्यांच्या हाती आलं नव्हतं म्हणे. सगळ्यांनी वाचली, दुमडली, चिकटपट्ट्या लावल्या. मी सहीचं सांगितलं तर भिंग खाली ठेवलं. "सहीनं भाव चढतो. पण सही कुणाची, खरी का, आणि वर काय लिहिलंय, यावर सगळं. अमक्यातमक्याला सप्रेम भेट असं असलं की उलट बहुतेक उतरतो. दुसऱ्याला दिलेली भेट कोण घेणार? आणि सही दिसल्याशिवाय ती आहे असं मी कुणाला सांगणार नाही."

"मग कापा की," दादा म्हणाला.

"कापली आणि सही निघाली नाही, तर न कापलेलं पुस्तकही गेलं आणि सहीही गेली. उरेल एक कुंकू लावलेलं पुस्तक."

नात माझ्याकडे बघतेय, मी डब्याकडे. दादा म्हणाला, "काप म्हणून सांग त्यांना. एकदाचं कळू दे. म्हातारे झालो दोघं." मी मान हलवली असणार, कारण त्यांनी पातळ पात्याची सुरी काढली, पुस्तक आडवं केलं, टोक घडीत घातलं. कागदाचा जरासा आवाज झाला, कापल्याचा नाही, नुसता लागल्याचा. अण्णा, तो आवाज ऐकला आणि मला तुम्ही दिसलात, कंदिलापाशी, दोरा दातानं तोडताना. मी ओरडले, "थांबा!" त्यांच्या हातातली सुरी टेबलावर पडली. नशीब पुस्तकावर नाही पडली.

तेव्हा नातीला सुचलं. आमच्या जावयानं कानातला मळ बघायचा एक कॅमेरा मागवलाय, अगरबत्तीच्या काडीएवढा, टोकाला दिवा, चित्र मोबाइलवर दिसतं. "मी स्कूटरवर जाऊन आणते." जाणकार म्हणाले, "एकला दुकान बंद होतं." ती म्हणाली, "त्याच्या आत आले नाही तर बंद करा," आणि जिने उतरून गेलीसुद्धा.

आम्ही दोघं भावंडं लाकडी बाकावर. दादा छत्रीच्या मुठीवर हात ठेवून बसला. घड्याळ माझ्या समोरच होतं, तिकडे बघायचं नाही ठरवलं तरी डोळे तिथंच. दादा म्हणाला, "नसली तर रडू नकोस हां." मी म्हटलं, "असली तर तू रडू नकोस." असली तर असली. पण नसली तर? इतकी वर्षं जपलं ते काय, एक रेघ? जाणकारांनी कुलूप हातात घेतलं तेव्हा जिन्यात तिच्या चपला वाजल्या.

"कानात घातल्यावर पुसून ठेवता ना?" त्यांनी विचारलं. तिनं पुसलेला पुन्हा पुसून दाखवला. त्यांनी बटरपेपरची पट्टी आधी सरकवली, कागदाला टोक घासू नये म्हणून, आणि मग काडी आत. मोबाइलवर आधी नुसतं पांढरं धुकं. मग रंगाचे ठिपके, तुमच्या मशीनचे ठिपके, अण्णा, लाल, पिवळे, निळे, एवढे मोठे. मग हत्तीची नखं. पाऊल. पावलात तोडा. नातीचा हात हलला आणि सगळं गेलं. "दम खा," दादा म्हणाला, आणि स्वतःच श्वास रोखून बसला. पुन्हा पाऊल आलं, त्याच्या बाजूला निळी शाई. शेपूट नाही, अख्खी सही. जाणकारांनी कपाटातून दुसरं एक पुस्तक काढलं, तिथल्या सहीशी ताडून बघितलं, भिंगानं, मोबाइल डोळ्याजवळ घेऊन, उगाच वाटावं इतका वेळ. "त्यांचीच," म्हणाले. "शेवटचा फराटा तोच. वर काहीतरी लिहिलंय."

नातीनं काडी आणखी आत सरकवली आणि इंच इंच मागे घेत वाचलं. "मशीनवरच्या अण्णांच्या मुलीस. तोडा आता शेवटपर्यंत डाव्याच पायात ठेवला आहे. तपासून कळवावे."

तुम्ही बोललात, अण्णा. मला रागावून, पुस्तक काढून घेऊन, दुसऱ्या दिवशी त्या नखांत शाई घेऊन साहेबांपुढे उभे राहिलात आणि म्हणालात की माझी मुलगी असं असं म्हणते. आणि घरी येऊन सांगितलंही नाहीत, नुसतं सही घेतलीय म्हणालात. मी बाकावरून उठले, पुन्हा बसले, हसले, मला काही कळेना. दादानं चष्मा काढला. "म्हणजे अण्णा बोलले," एवढंच. मग म्हणाला, "मला कधी काही आणलं नाही त्यांनी." म्हटलं, "गूळ तूच खाल्लास." तेव्हा हसला तो, डोळे पुसत.

जाणकार म्हणाले, नाव घालून दिलेली सही, म्हणजे भाव उतरायला हवा, पण ही ओळ अशी आहे की चढेल, आणि पानं शाबूत, म्हणजे अजून चढेल. कार्डामागे काहीतरी लिहून नातीला दाखवलं. तिनं पाणी मागितलं. म्हणाली, "आजी, बघ तरी." मी नाही बघितलं. म्हटलं, "विकलं तर तपासणार कोण? मला काम सांगितलंय साहेबांनी." जाणकारांनी कुलूप लावता लावता विचारलं, "कळवणार कुणाला आजी? ते कधीच गेले." त्यांचं बरोबर आहे.

आज दुपारी नातीला सुट्टी होती. खिडकीपाशी बसून सगळी बंद पानं आम्ही त्या काडीनं बघितली. गोष्टही पहिल्यांदा सलग वाचली, हत्तीवरची राजकन्या सुखरूप घरी पोचते. मी प्रत्येक चित्राला मोठ्यानं म्हणत होते, डावा, डावा, डावा. शेवटी तिनं विचारलं, "बरोबर आहे ना सगळं?" म्हटलं, "सगळं बरोबर."

हे पत्र त्या अभ्र्यासारख्या पानात सरकवायचं मनात होतं. पण जाणकारांनी बजावलंय, आत कागद ठेवायचा नाही, शाईचा डाग उतरतो, भाव पडतो. म्हणून डब्याखाली ठेवतेय. तिथून कुणाला पोचायचं नाही, तेव्हा खरं ते लिहायला हरकत नाही. शेवटच्या बंद पानात हत्ती गुडघे टेकून राजकन्येला उतरवतो ना, तिथं तोडा उजव्या पायात आहे, अण्णा. मी तीनदा बघितलं. काडी डावं-उजवं उलटं तर दाखवत नाही ना तेही बघितलं, पण शेजारची अक्षरं सरळ दिसत होती, म्हणजे चित्रही सरळच. पण कुणाला बोलले नाही. मोठ्यांच्या चुका काढायच्या नसतात.