तुमच्या फोटोखालची ओळ

९ नोव्हेंबर

ती. धाकटेकाका,

सादर नमस्कार. काकूंनाही सांगा. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो. बाबांचं बीपी गोळीवर आहे, स्वभावावर मात्र अजून गोळी निघालेली नाही. इतक्या वर्षांनी हिला काकाची आठवण कशी झाली, असं मनात आलंच असेल. फोन करणार होते, पण तुम्ही मधेच ठेवून दिला असता. पत्र माणूस निदान वाचून फाडतो. पत्ता आईनं दिला. ती आणि काकू इतकी वर्षं गुपचूप फोनवर बोलत होत्या, हे आम्हाला आत्ता कळतंय. कारखान्याचा विषय मात्र दोघीही काढत नसत म्हणे.

मी हल्ली विद्यापीठाच्या इतिहास आणि वारसा केंद्रात असते. आपल्या भागातले जुने फोटो, नकाशे, माणसांच्या आठवणी गोळा करायच्या आणि लोकांना दाखवायच्या. ऐकायला भारदस्त वाटतं, पण निम्मा वेळ धूळ झटकण्यात जातो.

यंदाचं प्रदर्शन आपल्या कौलांच्या कारखान्यावर आहे. सगळ्यात मोठा फोटो भट्टीसमोरचा. त्यात तुम्ही बाबांच्या शेजारी उभे आहात, बाह्या दुमडलेल्या, तोंडभर हसताय. तुम्ही असे हसायचात हे मला ठाऊकच नव्हतं.

आता मुद्द्याचं. आधी बसून घ्या. फोटोखालच्या ओळीत तुमच्या नावाआधी 'कै.' छापलं होतं.

हसा, हसा. विद्यापीठानं तुम्हाला मारलं, तेही सुबक अक्षरांत! आमच्याकडे पद्धत अशी, की आपल्या घरच्यांची माहिती आपण घ्यायची नाही, दुसऱ्यानं घ्यायची. म्हणून बाबांकडे माझी सहकारी गेली होती. ती ओळ मी पाहिली थेट उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या खांद्यावरून. पोरीला बाजूला घेऊन झापलं, "अगं, माझे काका चांगले धडधाकट आहेत!" बिचारी रडकुंडीला आली.

तिची चूक नव्हती. पुढचं न लिहिता पत्र पुरं होतंय का, हे मगाचपासून बघतेय, पण होत नाहीये. तिनं बाबांना विचारलं होतं, "हे कोण?"

"माझा भाऊ."

"कुठे असतात?"

"वारला."

"कधी?"

"संपाच्या वर्षी."

काका, मला बाबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. संपात तुम्ही फाटकातून आत गेलात, बाहेर आल्यावर बाबा सगळ्यांदेखत तुम्हाला फितूर म्हणाले, तुम्ही उलट शब्द काढला नाहीत आणि लवकरच काकूंना घेऊन गाव सोडलंत. मला एवढंच माहीत होतं. म्हणून काय जिवंत माणसाला मारून टाकायचं? ओळ मात्र तशीच राहिली, कारण माहिती ज्यानं दिली त्यानंच ती मागे घ्यायची असा आमचा नियम.

पण पुढचं ऐका, मग काय राग धरायचा तो धरा. प्रदर्शन उघडलं आणि कारखान्यातली जुनी माणसं घरी यायला लागली. दुखवट्याला! बाबांची अशी पंचाईत झालेली मी कधी पाहिली नाही. आई पहिल्यालाच दारात खरं सांगून टाकणार होती, बाबांनी डोळे वटारून तिला गप्प केलं. येणारा प्रत्येक जण तुमचं कौतुक करायचा आणि बाबा मान खाली घालून ऐकायचे. मला मेलं हसूही येत होतं.

मग वजनकाट्यावरचे काका आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "दादा, आता तो राहिला नाही, म्हणून बोलतो. त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता. भट्टी पेटलेली होती. तशीच सोडून दिली असती तर एकदम गार होऊन तडकली असती. मग संप मिटल्यावर आपण काय करणार होतो, हात चोळत बसणार? त्यानं एकट्यानं जाळ हळूहळू उतरवला. मालकाकडून काही घेतलं नाही."

बाबा खुर्चीतून उठलेच. "मग कुणी बोललं का नाही मला?"

"तुम्ही पुढारी. तुमच्यासमोर त्याचं नाव काढायची छाती कोणाची होती?"

ते गेले. बाबा स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. भीतीच वाटली मला.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते केंद्रात हजर. दालनात बरीच गर्दी होती. संचालकबाईंना फोटोसमोर बोलावलं आणि संपात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "माझा भाऊ जिवंत आहे. मी खोटं सांगितलं." माझी सहकारी माझ्याकडे बघतेय, मी छताकडे. ओळ त्याच दिवशी बदलली.

आता बाईंना भट्टी कशी वाचली ते फोटोशेजारी लावायचंय. पण आमच्याकडे ऐकीव चालत नाही, ज्यानं केलं त्यानंच सांगायला हवं. तेव्हा हे केंद्राचं रीतसर आमंत्रण समजा. पण खरं सांगू? केंद्राचं निमित्त. बाबा रोज विचारतात, "लिहिलंस का त्याला?" आणि पुढे स्वतःच म्हणतात, "तो नाही यायचा. मी असतो तर आलो नसतो." म्हणून लिहितेय. तुमची मनं जुळवायला निघालेली मी कोण? पण मला माझे काका हवेत. या ना.

खालचं अक्षर बाबांचं आहे. मला वाचू न देता पाकीट ते स्वतः बंद करणार आहेत.

तुमची पुतणी

——

भट्टीचं मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी ऐकून घेतलं नसतं, तेही खरं. तुला सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून केंद्रात कबूलही सगळ्यांदेखत केलं. त्यानं फिटत नाही, कळतं मला. तुला बोलवायला तोंड नाही, तरी बोलावतोय. आपल्या दोघांचंही वय झालंय. मी सांगितलेलं खोटं खरं व्हायच्या आत ये.

दादा