एका वर्षाची अट

दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. (पाया पडलो असं समज, इथे वाकायलाही जागा नाही.)

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितो. निबंध म्हटला की ज्याचं पोट दुखायचं, तो मी! जूनपासून कापडाच्या गोदामात मालाची लिफ्ट चालवतो. पाच मजले. ओढायचं जाळीचं दार, एक स्टूल, एक दिवा आणि मी. तागे वर, खोकी खाली. दिवसभर प्रवास करतो नि कुठेच जात नाही. तुमचा भिरभिऱ्या आता उभ्या रेषेत भिरभिरतो. आधीचा लिफ्टवाला या स्टुलावर एकोणीस वर्षं बसला म्हणे. मुकादमाने हे कौतुकाने सांगितलं आणि माझ्या तळपायांना खाज सुटली.

पण माझं सोड. सव्विसाव्या वर्षी कॉलेजात गेलीस, ते आतून कसं असतं ते लिही. सातवीत दप्तर फेकणाऱ्यालाही कळू दे. लोभ आहेच, तो शाईने वाढव.

तुझा,
भिरभिऱ्या

दि. २ सप्टेंबर

चि. भिरभिऱ्यास,

अ. उ. आ.

आतून कसं असतं ते सांगते, हसू नकोस. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि अख्खा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या. मीही अशी गांगरले की हाताने बसायची खूण केली. सगळे बसले. मग मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून मी मॅडम. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या दोघी अठरा वर्षांच्या. मी आत आले की त्यांचं हसणं नळ बंद करावा तसं थांबतं. सर फळा भरतात आणि माझं निम्मं उतरेपर्यंत पुसतात. सहा माणसांचं घर एकहाती सांभाळणारी मी, चाचणीत तीसपैकी सात मिळवून बसले.

आठ वर्षं घरातून बाहेर पडायची वाट पाहिली. आता या खोलीतून बाहेर पडायची पाहते. तुझं बरं आहे बाबा, नको झालं की पिशवी उचलतोस. ते कसं जमतं तेवढं शिकव. सहामाहीच्या आधी घरी जावं म्हणते. बाबांना तूच सांगशील का? जपून राहा.

तुझी,
ताई

दि. १५ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सांगणार नाही आणि शिकवणारही नाही. मी सात नोकऱ्या सोडल्या, सातही वेळा घरचं दार तूच उघडलंस. तू पळून आलीस तर दार कोण उघडणार? तुला मॅडम म्हणतात ना, मग रुबाबात वही माग. देतील झक मारत.

परवा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. समोर नुसती भिंत. पाऊण तास ओरडलो, घसा बसला. सुटल्यावर मुकादमाने चहा पाजला आणि पुन्हा आत बसवलं. तरी मी टिकून आहे. का, ते विचारू नकोस. परीक्षा दे. राग आला तर येऊ दे, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
भिरभिऱ्या

दि. ६ ऑक्टोबर

चि. भिरभिऱ्यास,

अ. उ. आ.

का ते कळलं. आईचं पत्र आलं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी तुला शिवणयंत्रापाशी बसवून सांगितलं की घरात एक पळपुटा पुरे. तू एका जागी वर्षभर टिकलास तर ताई शिकेल, पळालास तर त्याच दिवशी तिला परत बोलावीन. आणि तू मान डोलावलीस. मला अवाक्षर बोलला नाहीस.

म्हणजे मी इथे कोंडलेली, म्हणून तू तिथे कोंडलेला. मग हे चाललंय कुणासाठी? वीस तारखेला मी निघते. त्याच दिवशी तूही बाहेर पड. घरी सांगेन, भावाचे हाल बघवेनात म्हणून आले. तेवढाच मला तोंड दाखवायला आधार. भेटलो की पोटभर भांडू.

तुझी,
ताई

दि. १२ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मी उडालोच. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर तशीच सोडली, खोलीवर जाऊन पिशवी भरली, स्टँड गाठला. बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तुझं ते तोंड दाखवायचं वाक्य डोक्यात घुसलं. ताई, तू माझ्यासाठी येत नाहीस. तू त्या सात मार्कांना घाबरून येतेस आणि बिल माझ्या नावावर फाडतेस. उद्या मला जेवायला वाढताना तू काही बोलणार नाहीस, पण मला घासाघासाला ऐकू येईल. कंडक्टर खेकसला, चढायचं तर चढ नाहीतर वाट सोड. वाट सोडली.

मुकादमाच्या शिव्या तुला लिहीत नाही, कागद जळेल. मग बाबांना पत्र लिहिलं. चार ओळींचं, त्यात चाळीस चुका असतील. लिहिलं की वर्षाची अट मला थोडी वाटते. ताईचं शिक्षण तीन वर्षांचं, तर मी इथे तीन वर्षं. आणि ती मध्येच घरी आली तरी मी मुदत पुरी केल्याशिवाय हलणार नाही. मुकादमालाही चारचौघांत तसा शब्द दिला. तेव्हा तू आलीस तरी मी सुटत नाही. यायचं असेल तर स्वतःच्या नावावर ये.

पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला. तीन वर्षं म्हणजे किती, ते तेव्हा कळलं. पत्र परत काढायला पेटीच्या फटीतून हात घालून पाहिला. मनगटाच्या थोडा वर जातो, पुढे जात नाही.

लोभ असू दे. सध्या त्याची गरज मला जास्त आहे.

तुझा,
भिरभिऱ्या