हरकतीची मुदत

अहमदनगर
१४ जून १९९९

चि. महेंद्र,

सप्रेम जयभीम. तुझं २६ मेचं पत्र १० तारखेला घरी पोचलं. काल रविवारी गावी गेले तेव्हा मी ते वाचलं. तात्यांनी आधी स्वतः वाचलं होतं, तरी माझ्याकडून पुन्हा दोनदा वाचून घेतलं. तू थंडी, जेवण आणि बूट एवढ्याबद्दल लिहिलं आहेस. कुठे आहेस ते लिहायला मनाई असते हे मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. तात्या मात्र पेपरातला नकाशा कापून ठेवतात आणि बोट ठेवून विचारतात, इथं असंल का? मी सांगते, सांगता येत नाही.

घरी सगळे ठीक. आईच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी, बोकड एकही नाही.

फौजेच्या रेंजवरचा तोफांचा सराव वाढला आहे. तू होतास तेव्हा आठवड्यातून दोनदा लाल बावटा लागायचा, आता चारदा लागतो. त्या दिवशी सकाळी सगळी आळी गुरं घेऊन ओढ्यापलीकडे जाऊन बसते आणि तोफा थांबल्या की परत येते. आई पूर्वी घरातच बसायची, फळीवरची भांडी खाली उतरवून. आता तीही जाते. काल म्हणाली, "आपल्याच लोकांचा आवाज हाय, मंग आता कानाला का लागतो गं?"

मोजणी ऑफिसातलं माझं नकाशांचं काम चालू आहे. कंत्राट ३० जूनला संपतं, पुढे वाढवून देऊ असं साहेब म्हणतात. मे महिन्यात एका मोठ्या नकाशाला शाई करून दिली. पेन्सिलच्या शीटवर ट्रेसिंग ठेवायचं आणि जशी रेषा तशी ओढायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे तुला एकदा दाखवलं होतं.

पेपर मी रोज वाचते, पण क्रम लागत नाही. गेल्या वर्षी बॉम्बची चाचणी झाली म्हणून पेढे वाटले. फेब्रुवारीत लाहोरला बस गेली म्हणून पुन्हा वाटले. मे महिन्यात कळलं की बस जात होती तेव्हा डोंगरावर माणसं चढत होती, किंवा चढायच्या तयारीत होती. गेल्या आठवड्यात पाकिस्तानविरुद्धची मॅच जिंकल्यावर इथं चौकात फटाके वाजले. त्याच दिवशी आतल्या पानावर जवानांची नावं होती. मी ती वरपासून खालपर्यंत वाचते. म अक्षर आलं म्हणून थांबत नाही, सगळीच वाचते.

तिकडे युरोपात बेलग्रेडला चीनच्या वकिलातीवर बॉम्ब पडले. अमेरिकेने सांगितलं की जुना नकाशा वापरल्यामुळे चूक झाली. आमच्या ऑफिसात यावर सगळे हसले. नकाशा जुना असला तर आम्हाला आठवड्याच्या आत मेमो मिळतो.

चावडीवर एक नोटीस लागली आहे, ५ तारखेची. रेंज वाढवण्यासाठी जमीन घेणार आहेत. नकाशा नंतर पाहायला ठेवणार, हरकती मात्र ५ जुलैपर्यंत मागवल्या आहेत. गावात बोलणं चालू आहे. तू याची काळजी करू नकोस.

मोजे पाठवते आहे, चार जोड.

तुझी ताई,
शुभांगी


अहमदनगर
२८ जून १९९९

चि. महेंद्र,

सप्रेम जयभीम. यावेळी तुझं पत्र नाही. टपाल तुंबलं असेल, असं मी घरी सांगितलं आहे.

काल गावात नोटिशीबद्दल सभा झाली. गोरक्षआबा आले होते. सप्टेंबरात निवडणूक आहे आणि त्यांना उभं राहायचं आहे. सभेआधी ते आपल्या घरी आले. दिवाळीत तू सुट्टीवर होतास तेव्हा ते आपल्या ओट्यावर बसले होते आणि चहा आत्ताच झाला म्हणाले होते, तुला आठवत असेल. काल त्यांनी स्वतःहून मागितला. बरोबर फोटोग्राफर होता. तात्यांच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात आपला कप. फोटो निघाल्यावर कप खाली ठेवला, त्यात अर्ध्याहून जास्त चहा होता. शेजारच्या रंगुबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भामे, उरल्याला च्या झाकून ठिव. फोटू धुऊन आला की दोन्ही संगंच पाठीव." आईला हसू आवरेना, म्हणून ती आत गेली.

सभेत आबा म्हणाले, "आपली पोरं तिकडं एकेक टेकडी जिवावर उदार हून घेत्यात, अन् आपन हितं फौजेला माळ द्यायचा न्हाई म्हनायचं? काय तोंड दाखवायचं बन्सीच्या पोराला?"

सगळे तात्यांकडे पाहायला लागले. तात्या मान खाली घालून बसले होते. मग आबांनी आवाज खाली आणला आणि सांगितलं की नोटीस नुसती कागदी आहे, निवडणुकीआधी रद्द करून आणतो, तुमचं एक ढेकूळ जाणार नाही, फक्त लढाई चालू असताना हरकती घेऊन जिल्ह्यात गावाची शोभा करू नका. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने पाच मिनिटांच्या आत सांगितल्या. माळ द्या, आणि माळ जाणारच नाही. कुणी विचारलं नाही की यातलं खरं कोणतं.

रंगुबाईंनी तेवढं विचारलं, तेही बायकांच्या बाजूने बसल्या बसल्या. "आबा, तुमची मोसंबी कुठं हाय मंग? रेषेच्या आत का भाईर?"

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने आबा हसले. मग जवानांच्या अभिनंदनाचा ठराव झाला, टाळ्या झाल्या. हरकतीबद्दल ठराव झाला नाही. ज्याला वैयक्तिक अर्ज द्यायचा त्याने द्यावा, असं सरपंच म्हणाले, पण ते कुणाच्या फार कानावर गेलं नसावं.

तात्या मला एसटीपर्यंत सोडायला आले. वाटेत एक दोन गोष्टी विचारल्या. तेवढ्यात गाडी आली.

कंत्राटाचं अजून काही कळलं नाही. तुझ्या तब्येतीची काळजी घे हे वाक्य आई लिहायला सांगते. मी ते लिहिते आहे, पण त्याचा तिथं काय उपयोग, हे मला कळत नाही.

तुझी ताई,
शुभांगी


अहमदनगर
८ जुलै १९९९

चि. महेंद्र,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड सोमवारी मिळालं. त्यावर चारच ओळी आहेत, पण अक्षर तुझं आहे. आई ते उशाखाली ठेवते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. पहिल्या पत्रातही गाळली होती. आता सलग लिहिते.

मे महिन्यात मी ज्या नकाशाला शाई केली तो रेंजच्या वाढीव हद्दीचा होता. पहिल्या शीटवर हद्द ओढ्यापासून टेकडीपर्यंत जवळजवळ सरळ होती. आपलं रान तिच्या बाहेर होतं आणि आबांची मोसंबीची बाग आत. आठ दिवसांनी दुसरं शीट आलं. बागेपाशी रेषा वळून पलीकडून गेली होती, आणि तिथं जेवढं क्षेत्र कमी झालं तेवढं आपल्या आळीकडे वाढवलं होतं. आपला गट नंबर ११२ पूर्ण आत. विहीर आत, घर आत. रेषा कुणी बदलायला लावली मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पहिलं ट्रेसिंग फाडलं आणि दुसरं केलं. पेन शून्य पूर्णांक चार मिलिमीटरचं होतं. त्या नकाशाच्या प्रमाणात त्या जाडीची रेषा जमिनीवर दोन मीटर भरते. आपला ओटा तिच्यात बसतो.

साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं की नकाशा लष्करी कामाचा आहे, बाहेर बोललात तर नोकरी जाईलच, वर खटला होईल. लढाई सुरू झाल्यावर पुन्हा सांगितलं.

२७ तारखेला एसटीच्या फाट्यावर तात्यांनी विचारलं, "तू तिथंच काम करती. आबा काय बी म्हनू दे. तू सांग, आपलं रान जातंय का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, तात्या. तो नकाशा आमच्याकडे नव्हता."

असंच म्हणाले. गाडी त्यानंतर सात-आठ मिनिटांनी आली. मागच्या पत्रात मी गाडी तेवढ्यात आली असं लिहिलं ते खरं नाही. त्या सात-आठ मिनिटांत मला बदलून सांगता आलं असतं.

५ तारखेला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला साहेबांनी कंत्राट वाढवल्याचं पत्र दिलं. मी सही केली. तहसील पावणेसहापर्यंत उघडी होती. गावात पोस्टात फोन आहे, रंगुबाईंचा मुलगा निरोप पोचवतो. मी फोन केला नाही. त्या दिवशी ऑफिसात टायगर हिल घेतली म्हणून जिलेबी आणली होती. सगळ्यांनी मला आधी दिली, जवानाची बहीण म्हणून. मी खाल्ली.

मंगळवारी रजा टाकून गावी गेले आणि तात्यांना सांगितलं. ते बांधावर दगड लावत होते. हातातला दगड त्यांनी नीट बसवला, मग बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. हरकतीचा अर्ज होता. शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतला होता, सही तात्यांची, तारीख २६ जून.

"तू ठावं न्हाई म्हनलीस," ते म्हणाले, "जात असतं तर तुला ठावं असतं. मंग तालुक्याला कशाला जायचं, म्हनलं."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "आबा खोटं बोलला त्याचं काय न्हाई. त्यो बोलायचाच."

एवढंच. रागावले नाहीत. आजोबांचं रान मुळा धरणात गेलं तेव्हा हे साडेतीन एकर मिळालं, ते स्वतः अकरा वर्षांचे होते, डोक्यावर उतरंड घेऊन आले, हे सगळं ते नेहमी सांगतात. मंगळवारी त्यातलं काही सांगितलं नाही. जेवायला बसल्यावर म्हणाले, "महिंद्राला यातलं लिहू नगो. त्याचं ध्यान म्होरं पायजे."

मी ते ऐकलेलं नाही, हे तुला दिसतंच आहे.

काल मी तात्यांचा अर्ज आणि माझा स्वतःचा एक अर्ज घेऊन तहसीलला गेले. माझ्या अर्जात दोन्ही शीटांबद्दल लिहिलं होतं. नोकरीचं काय होईल ते मी धरून चालले होते. पण तेवढंही झालं नाही. कारकुनाने तात्यांचा अर्ज मुदतीनंतरचा म्हणून परत केला आणि माझा वाचलाच नाही. सातबारा पाहिला आणि म्हणाला, बाई, तुमचं नाव कुठाय? खरं आहे. उताऱ्यावर तात्या आहेत आणि तू आहेस. तू भरती झालास त्या वर्षी तात्यांनी तुझं नाव लावलं. माझं लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. त्यामुळे रेषा काढायला मी चालले, हरकत घ्यायला चालत नाही.

कारकून वयस्कर होता, वाईट नव्हता. मी निघाले तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "हा दुसरा खातेदार फौजेत आहे ना? त्याला नोटीस बजावलेली दिसत नाही. त्याचा अर्ज आला तर नुसता तारखेवर परत करता येणार नाही. मान्य होईल, असं नाही म्हणत मी."

म्हणून सोबत एक कागद आहे. तुझ्या नावाचा अर्ज. मजकूर मी टाइप करून घेतला आहे.

आता यात काय आहे ते तू समजून घे. मी तुला फौजेच्या जागेविरुद्ध सही करायला सांगते आहे, आणि तू फौजेत आहेस, आणि लढाई चालू आहे. तुझं टपाल उघडून वाचतात. हे पत्र तुझ्या आधी तुझे साहेब वाचतील. तुला काय बोलतील, कुठे पाठवतील, मला अंदाज नाही. मी एसटीच्या फाट्यावर उभी राहून, कुणी बंदूक रोखलेली नसताना, एक वाक्य खरं बोलू शकले नाही, आणि तेच तुझ्याकडून तिथं मागते आहे. हे मला दिसत नाही असं नको समजूस.

पाकिस्तानचे पंतप्रधान रविवारी वॉशिंग्टनला जाऊन आले. काश्मीरच्या ताबारेषेच्या मागे जायचं ठरलं म्हणतात. ती रेषा बहात्तर साली कुणीतरी टेबलावर कागद पसरून काढली असणार, माझ्यासारख्याच एखाद्या पगारी माणसाने शाई केली असणार. त्याला तिथली चढण माहीत नसेल. मला तर आपला माळ पायाखालचा माहीत होता.

अर्ज पाठवू नये असं दोनदा ठरवलं. पाठवला नाही तर तुझ्या नावावरची जमीन तुला न कळवता जाऊ दिली, असं होईल, आणि न कळवण्याचं माझं या महिन्यात पुष्कळ झालं आहे. सही कर असं मला लिहवत नाही. करू नकोस असंही लिहवत नाही. तात्यांना विचारलंस तर ते नको म्हणतील, त्यांना विचारू नकोस. आबांनी रद्द करून आणतो म्हटलं आहे, त्यावर विसंबू नकोस. माझ्यावर विसंबावं की नाही ते तू ठरव.

केलीस तर सही खाली उजवीकडे कर. नंबर, हुद्दा आणि युनिट लिही. बाकी सगळं मी भरलं आहे. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे, कारण हे तुझ्या हातात कधी पडेल ते मला मोजता येत नाही.

अजून म्हणणार असशील तर,
तुझी ताई
शुभांगी