लाल टोपीचं माप

रोम, २ मे
पोप वारले. वाईट वाटलं. जेवण झाल्यावर मतं मोजली. नवा पोप निवडायला कार्डिनल बारा. त्यात आपले रानुच्चोमामा, त्यांचे दोन चुलतभाऊ, आणि आईच्या जावेचा भाऊ. आठ मतं लागतात, चार घरचीच. उरलेली काय, गप्पांत मिळतील. मामा पोप म्हणजे भाचा कार्डिनल. रीतच आहे.

५ मे
नवा पोप ठरेपर्यंत बाराही जणांना आत घालून बाहेरून कुलूप. जाताना मामांनी घराची चावी माझ्याकडे दिली. मावसभाऊ नूच्चो शेजारीच उभा होता, त्याला नाही दिली.
संकल्प: उद्यापासून लॅटिन.

७ मे
लॅटिन राहिलं. कार्डिनलच्या लाल टोपीचं माप देऊन आलो. नूच्चो म्हणाला, आधी मामांना तरी पोप होऊ दे. जळतो मेला.

१० मे
आत आता जेवायला एकच पदार्थ देतात म्हणे, निवड लवकर उरकावी म्हणून. मामांना भूक अजिबात सोसत नाही. म्हणजे निकाल लवकर.

१२ मे, सकाळ
गल्लीत एकच ओरडा, रानुच्चो पोप झाले. मी रडलोच. पोप झालेल्याचं घर लोक लुटतात, पोपला ते हवंय कशाला? गर्दीने दार फोडू नये म्हणून मीच उघडून दिलं. चांदीचे पेले कुठे ठेवलेत तेही दाखवलं. उद्याचा कार्डिनल कंजूष वाटायला नको. शेवटी दारही नेलं. नूच्चो वेडा मामांच्या गादीवर आडवा पडून राहिला, म्हणे आधी खात्री करू. स्वयंपाकीण मेनिका त्याच्याच बाजूने. तिला काढायचं.

संध्याकाळ
पोप दुसराच झाला. मामा चालत घरी आले. दार नव्हतं तरी उंबऱ्याशी थांबले. दार कोणी उघडलं, विचारलं. मी म्हणालो, लोकांनी. मेनिका म्हणाली, चावी अजून यांच्याच हातात आहे, बघा.

१३ मे
आईकडून कळलं. मामांना सात मतं पडली होती. आठवं मिळेना. मग त्यांनी आपली माणसं दुसऱ्याकडे वळवली आणि बदल्यात भाच्यासाठी बिशपपद मागून घेतलं. मोहर उमटवलेला कागद, फक्त नाव घालायचं बाकी. ते माझंच घालणार होते. काल रात्री त्या गादीवर बसून त्यांनी नूच्चोचं घातलं.
फार लागलं मनाला. दिवसभर जेवलो नाही. पातेलीही नाहीत म्हणा.
संकल्प: नूच्चोशी गोड बोलायचं. बिशपला चिटणीस लागतोच, आणि घरचा असलेला बरा. लॅटिन उद्यापासून.
टोपीवाला येऊन गेला. टोपी अगदी बरोबर बसते.