टेम्पोचा ब्रेक आणि माझा पाय

रविवार, मार्च १९९६

मी पाय सोडला नव्हता.

टेम्पोच्या ब्रेकमधली हवा काढायची म्हणून ह्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः चाकापाशी आडवे झाले. "दाब… धर… सोड." मी तेवढंच करत होते. पण चाकापाशी हवा सोडायचा नट बंद असतानाही माझ्या पायाखाली ब्रेक हळूहळू खाली जायचा. बाहेर तेलाचा थेंब नाही, म्हणजे ब्रेक आतूनच कुठेतरी गळत असणार. तसं सांगितलं तर म्हणे, "तूच मधी पाय सोडतीस, मंग हवा शिरनारच."

परत तेच, परत तेच. पायात गोळे आले, वर शेजारीण बघत उभी. शेवटी वैतागून म्हटलं, "हो, सोडला मी. झालं?"

केवढा जीव भांड्यात पडला त्यांचा! लगेच पाने आवरले. "मंग ब्रेकला काय बी झालं न्हाई."

जेवताना खरं सांगून पाहिलं. "आता का शब्द फिरवतीस?" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

उद्या सकाळी सुप्याच्या कंपनीतली माणसं ह्याच टेम्पोत मागे बसतील. त्यात माझा धाकटा भाऊ. गावाबाहेर पडलं की लागलीच उतार आहे.

का म्हटलं मी, 'हो, सोडला'?

आत्ता लिहितानाही उजवा पाय फरशीवर दाबून बसलेय. सोडवत नाही.