पाटीवरचा तीन

पौष वद्य ३, फसली १३४७. हिंगोली, दवाखाना.

शिसपेन कंपोंडरच्या कानामागून काढली. त्याला अजून पत्ता न्हाई.

हट्ट्याच्या गुऱ्हाळावर गुळव्याची नजर चुकवून काहिलीत ऊस बुडवायला गेलो. ऊस वर आला, डावा पाय आत गेला. पाक चिकटला तो निघंना. धोतर सोडवलं तर कातडंबी आलं. ऊस हातातच व्हता. बैलगाडीत बसून खाल्ला. गोड व्हता.

शेजारच्या खाटंवर सटवाजी मामा, धनगर. शेकोटीपाशी झोपला अन् घोंगडं पेटलं. पाठ भाजली. पालथा पडून दिसभर बोंबलतो. मला काहीच दुखत न्हाई. पाय है तिथं है, पण दुसऱ्याचा ठिवल्यावानी.

खाटंच्या पायथ्याला ज्याची त्याची पाटी. कंपोंडर काशिनाथ तिच्यावर लिहितो. कशानं भाजलं, कुठं, अन् हाताच्या पंज्यानं मोजून किती पंजे. पंजा ज्याचा त्याचाच धरायचा. मग खोल किती, त्याचा आकडा. त्यासाठी सुई टोचून बघतो. मामाला टोचली तर खिडकीवरचं कबुतर उडालं. मामाला २. मला टोचली, मी शिट्टी वाजवली. मला ३.

शाळंत तिसरीत दोनदा नापास. इथं एका सुईत तिसरी पास. मामाला म्हणलं, तुमी बसा दुसरीतच.

पौष व. ५

मामाच्या पाटीवर बकरीची शेपटी काढली. काशिनाथ हसला, म्हणून त्याला इचारलं, तीनवाल्याला सुट्टी आधी का दोनवाल्याला? त्याचं हसणं थांबलं.

म्हणला, "येडा है का नाऱ्या? दुखतं ते कातडं जित्तं है. तुझं आतवर मेलं. म्हणून सुई कळंना."

तीनवाल्याला रेल्वेनं हैदराबादला धाडतात. मोठ्या दवाखान्यात. मेलेलं काढतात. तेवढ्यानं भागलं न्हाई तर पाय काढतात. तसंच ठिवलं तर सडतं अन् जहर वर चढतं. डागदरसाब सेनगावच्या दौऱ्यावर है, आल्यावर तेच सुई लावून बघणार, मंग धाडणार.

आमच्या गावचा एकजण गेला व्हता हैदराबादला हात घेऊन. आला तो नुसती बाही घेऊन.

माय दारातच उभी व्हती. सगळं ऐकलं. घासलेला तांब्या पुन्हा घासून आणला.

पौष व. ६

बोंबलायला शिकून राहिलो. मामा मास्तर. मास्तर चांगला, पोरगं ढ.

मामा म्हणतो, "अगोदर श्वास वढ. मंग पाय वढ. मंग आईला बोलव. तू समदं एकदम करतो, खोटं वाटतं."

पाय वढायला जमत न्हाई. बोटं हालत न्हाईत. मांडीच उचलतो.

माय म्हणली, चांगलं वरड रे बाबा. एवढंच म्हणली. ह्या बाईनं जन्मभर मला वरडू नको म्हणून मारलं.

पौष व. ८

डागदरसाब आले. सुई घेतली अन् माझ्या तोंडावर टावेल टाकला. हे मास्तरनं शिकवलं नव्हतं. आंधळ्यानं कवा वरडायचं?

टावेलाखाली गप पडलो. काही कळंना. तवर मामा खोकला. मला तिथंच उमगलं, खोकला म्हंजी सुई. श्वास वढला, मांडी वढली, आईला बोलवलं. पुन्हा खोकला, पुन्हा बोंब. मधी एकदा डागदर नुसताच थांबला. मामाबी थांबला. मीबी थांबलो.

"अच्छा है. दर्द होता इसकू." डागदरनं तीन पुसला, दोन केला. माईनं त्यांच्या पायावर डोकं ठिवलं. पायात नवाच जोडा व्हता, काळा कुळकुळीत.

काशिनाथ मामाला म्हणला, खोकला कवापासून? मामा म्हणला, थंडीनं.

दोघं लई हसलो. हसता हसता मामाची पाठ दुखली, तो रडला. मला त्याचा हेवा वाटला.

पौष व. १०

बाजारचा दिस. माईनं गुळाचा खडा आणला, दोन आकड्याचा नवस फेडायला. मला गुळाचा वासच नको वाटतो. आंग तापून राहिलं.

पट्टी सोडली की वास येतो. मेलेल्या उंदरावानी. माय उदबत्ती लावती अन् म्हणती गटारीचा है. पायावर तपकिरी औषध फासतात, त्यानं वरचं चामड्यावानी झालं. मामा म्हणला, चांभाराला दाखव, जोडा व्हईल. मी हसलो न्हाई. त्यालाबी मंग उगंच बोललो असं वाटलं.

डागदर पाटी बघतो, पाय बघतो, पुन्हा पाटी बघतो. "दो नंबर है, फिर बू काहेकू? फिर सुई लगाके देखना पडेंगा." काशिनाथ खाली बघून राहिला. मला कुणीच इचारलं न्हाई. पाटीला इचारतात.

जांघंत गाठ आली. अवळ्याएवढी. माईला दाखवली न्हाई.

पौष व. ११

मामाच्या पाठीवर नवं कातडं धरलं. उद्या त्याला सुट्टी. मेंढरं गोरेगावकडं गेलीत, गाठायची म्हणतो. मंग खोकणार कोण?

सकाळी वहाण शिवत बसला व्हता खाटंवर. माय पायथ्याशी बसून माझा सदरा टाचून राहिली. मामानं दाभण हातात धरून इचारलं, "नाऱ्या, एक डाव बघू का? खरं खरं?"

म्हणलं बघ. तोंड भिंतीकडं केलं. भिंतीवर मुंग्या व्हत्या. त्याला त्याच्या मेंढरांचं इचारत बसलो. किती गाभण हैत, कुत्रं कुठलं. तो सांगत व्हता. मंग सांगायचा थांबला.

म्हणलं, "टोच की मामा."

"टोचलं की."

"कवा?"

"तू कुत्र्याचं इचारलं तवा. अजून तिथंच है."

वळून बघितलं. नडगीखाली दाभण उभं. रगत न्हाई. माईच्या हातातली सुई थांबलेली. ती दाभणाकडं बघून राहिली, मी तिच्याकडं.

भाईर डागदरसाबचा टांगा लागला. घोड्याच्या घुंगराचा आवाज आला. मामानं दाभण वढून काढलं, धोतराला पुसलं. पाटीकडं बघितलं. दोन है तसाच है.

माय म्हणली, "नाऱ्या, आज वरडणार है का रं?"

शिसपेन बोथट झाली. डागदर वऱ्हांड्यात हात धुऊन राहिला.