मुक्ताबाई गेल्या त्याची हकीकत

वाशी, गुरुवार

तीर्थरूप जयमालाआत्तीस, विश्वजितचा वाशीहून पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवतो. फोनवरच सांगितलं असतं, पण तू बॅटरी वाचवायला फोन बंद करून डब्यात ठेवतेस (कुणासाठी वाचवतेस देव जाणे), म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कृष्णातशेठच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सगळा डेटा आतल्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर असतो. शेठनी त्याला आपल्या आईचं नाव दिलंय, मुक्ताबाई. (दुकानाला देतात, ट्रकला देतात, मग सर्व्हरनंच काय घोडं मारलंय?) बाकीचे कॉम्प्युटर एका छोट्या सॉफ्टवेअरमधून मुक्ताबाईंशी बोलतात. ते जुनं झालंय, बदलू या, असा धोशा मीच लावला होता. शेठ म्हणत होते, चाललंय ते चालू दे. मी रविवारी सगळीकडे नवीन घातलं आणि सोमवारी एकही कॉम्प्युटर मुक्ताबाईंशी बोलेना. द्राक्षांचे कंटेनर बाहेर भरून उभे, कागद छापल्याशिवाय हलायचे नाहीत, आणि संध्याकाळी न्हावा शेवा बंदराचं गेट बंद झालं की जहाज त्यांना सोडून जाणार. द्राक्षांपाठोपाठ माझी नोकरीही जाणार, हे कुणी न सांगता कळत होतं.

मी वायरी उपटून पुन्हा खोचल्या, पासवर्ड बदलले, मुक्ताबाईंना बंद करून चालू केलं. आत त्या ठणठणीत, हिरवा दिवा लुकलुकतोय. बाहेर मात्र कुणाला ओळख देत नाहीत. कागद छापणारी तस्नीम (उरणची, जिभेला धार) सारखी विचारायची, "विशू, मुक्ताबाई उठल्या का रे?" शेवटी वैतागून मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं: मुक्ताबाई गेल्या, माझे प्रयत्न चालू आहेत, सगळ्यांनी धीर धरावा. आत्ती, तो ग्रुप ऑफिसचा नव्हता. तो फळबाजारातल्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांचा होता.

बघता बघता दारात गर्दी. हार आले, पांढरे सदरे आले, माथाडींनी ऑफिसपुढचं काम थांबवलं. एकानं न्हावा शेव्याला गेलेल्या शेठना फोन करून सांत्वनही केलं. शेठनी लगेच घरी फोन लावला, तो खुद्द मुक्ताबाईंनी उचलला. "कोन गेलं म्हंतोस? मी हितं सुकट निवडत बसलीया," म्हणाल्या, आणि आपल्यासाठी कोण कोण जमलंय ते बघायला रिक्षा करून निघाल्या.

इकडे मी तोंड लपवायला आतल्या खोलीत शिरलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून स्क्रीनवरचा मजकूर पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. (सकाळपासून 'जोडणी झाली नाही' एवढ्यावरच खवळत होतो.) पुढे स्वच्छ लिहिलं होतं, मुक्ताबाई या नावाचा पत्ता सापडत नाही. पत्त्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात राहिली होती, आणि नवीन बिचारं ती आपल्या फोल्डरात शोधत होतं. मी तिथूनच सगळ्या कॉम्प्युटरांवर ती फाइल नव्या फोल्डरात नेऊन ठेवली आणि तस्नीम किंचाळली, "आल्या, मुक्ताबाई आल्या!" बरोब्बर त्याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि खऱ्या मुक्ताबाई उतरल्या. हार घेऊन उभे असलेले दोन व्यापारी जागच्या जागी खाली बसले.

कागद छापले, कंटेनर गेट बंद व्हायच्या आत पोचले. हार वाया जाऊ नयेत म्हणून मुक्ताबाईंनी ते ट्रकांना घालायला लावले. शेठ परत आले ते मला न रागावता थेट आईच्या शेजारी जाऊन बसले. मला फार बरं वाटलं. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
विशू

ता. क. मुक्ताबाईंनी बजावलंय, "माजं नाव नगं त्या डब्याला, रोज कुनीतरी मला घालवनार." शेठ म्हणाले, तुझ्या घरातलं दे. तर आत्ती, तुझं देऊ का? आईमागं मला तूच वाढवलंस, दुसरं नाव सुचलंच नाही.

आणखी एक. दिलं. आता रोज सकाळी अख्खं ऑफिस आल्या आल्या विचारतं, जयमाला बरी आहे ना? (तेव्हा माझी विचारपूस कुणी करत नाही, असं यापुढे म्हणायचं नाही.)

खरं काम हे. आज सकाळी तस्नीम दारातूनच म्हणाली, "विशू, जयमाला गेली रे." नुसता प्लग निघाला होता. पण मी आधी तुला फोन लावला, आणि तो बंद. हे पत्र आणणारा सिताराम ड्रायव्हर दारात उभा आहे तोवर फोन चालू कर आणि मला स्वतःच्या आवाजात हॅलो म्हण. वर दोन्ही वेळ जेवतो असं लिहिलंय, पण आज डबा अजून उघडलेला नाही.